सणाच्या गोष्टीतलं मूल

गणपतीच्या आधी आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर पुस्तकांच्या दुकानांत लहान मुलांची चित्रपुस्तकं दर्शनी भागात येतात. जाड पुठ्ठ्याची पानं, बोटाला लागू नयेत म्हणून गोल केलेले कोपरे, टपोऱ्या डोळ्यांचा गणपती, त्याच्या हातात मोदक आणि पायाशी हसरा उंदीर. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचायची ही पुस्तकं. ती घ्यावीत की नाही यावर घरात सहसा वाद होत नाही. नव्या कपड्यांबरोबर तीही घरी येतात. पण थोडं थांबून विचार करण्यासारखी गोष्ट इथेच आहे. खरं काय आणि रचलेलं काय हे ज्या वयात मुलाला स्वतःच्या बळावर ठरवता येत नाही, त्या वयात त्याला देवाची गोष्ट सांगणारा मोठा माणूस नेमकं काय करत असतो? आणि ती सांगताना तिच्यातला अवघड, दुखरा भाग गाळून टाकण्याचा त्याला अधिकार आहे का? माझ्या मते नाही. त्याचं कारण मुलांच्या मानसशास्त्रात थोडं सापडतं, पण त्याहून जास्त खुद्द सणांच्या गोष्टींत सापडतं.

या गोष्टी एकीशेजारी एक ठेवून पाहा. गणेशचतुर्थीला आईने दारावर राखणीला उभं केलेलं एक पोर आहे. घरी परतलेला बाप त्याला ओळखत नाही आणि त्याचं डोकं उडवतो. होळीला प्रल्हाद आहे. त्याला घेऊन आगीत बसणारी त्याची आत्या आहे आणि तिला तसं सांगणारा त्याचा बाप. गोकुळाष्टमीला मामा भाच्याच्या जिवावर उठलेला आहे. आधीची सहा भावंडं त्याने मारलेली आहेत, आणि कृष्णाच्या जागी आणून ठेवलेली यशोदेची तान्ही मुलगीसुद्धा तो शिळेवर आपटायला उचलतो. नरकचतुर्दशी म्हटलं की आपल्याला नरकासुराचा वध तेवढा आठवतो. पण भागवतात त्या वधानंतर भूमाता आपल्या मारल्या गेलेल्या मुलाचा मुलगा, भेदरलेला भगदत्त, पुढे करते आणि कृष्णाकडे त्याच्यासाठी अभय मागते. हे केवळ हिंदू सणांपुरतं नाही. बकरी ईदच्या मुळाशी इब्राहिम आणि त्यांचा मुलगा आहे, आणि बापाच्या हातात सुरी आहे. नाताळच्या गोठ्यामागे हेरोद राजाच्या आज्ञेने मारली गेलेली बेथलेहेमची बालकं आहेत आणि रातोरात मिसर देशाकडे निघालेलं एक कुटुंब. ज्यूंच्या वल्हांडण सणामागे नाईल नदीत टोपलीत सोडलेलं बाळ आहे आणि मिसरमधल्या घराघरांतल्या पहिल्या मुलांचा मृत्यू आहे. सगळ्याच सणांना हे लागू पडत नाही. संक्रांत, पोळा, वसुबारस हे शेतीचे आणि गुराढोरांचे सण, त्यांचा जीव वेगळा. पण जिथे देवाची मोठी गोष्ट आहे, तिथे पुन्हा पुन्हा एक मूल उभं असतं आणि त्याच्यासमोर त्याच्याहून कितीतरी ताकदवान असं कुणीतरी मोठं माणूस. बहुतेक वेळा ते माणूस घरातलंच असतं.

लहान मूल रोज याच परिस्थितीत जगतं. त्याला उचलणारे, भरवणारे, रागावणारे, कोंडून ठेवू शकणारे सगळे त्याच्या दुपटीतिपटीने उंच असतात. हे लोक चांगले आहेत, यावर त्याचं सगळं जगणं अवलंबून असतं, आणि ते नेहमीच चांगले वागत नाहीत हे त्याला कुणी न सांगता कळलेलं असतं. मोठी माणसं चुकली तर काय होतं, हा त्याच्या वयाचा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. सणाच्या गोष्टी त्या प्रश्नापासून सुरू होतात. म्हणून या गोष्टींवर मुलाचा हक्क आपल्याहून आधीचा आहे, असं मी मानतो. दुकानातल्या बहुतेक चित्रपुस्तकांत मात्र नेमका हाच भाग नसतो. गणपतीला हत्तीचं डोकं आहे, पण ते कुठून आलं याचं पान नाही. प्रल्हाद हात जोडून बसलेला आहे आणि ज्वाळा फुलांसारख्या आहेत. दिवाळीच्या पुस्तकात आकाशकंदील, फराळ, किल्ला, फुलबाज्या, आणि मधे एखाद्या ओळीत वाईटावर चांगल्याचा विजय. वाईट म्हणजे कोण आणि त्याने काय केलं होतं, याचा पत्ता नाही.

हे गाळणं नवं नाही आणि त्यामागचा विचार उथळही नाही. त्याचा सर्वांत भक्कम पाठीराखा प्लेटो आहे. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात आदर्श नगरातल्या मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात याची चर्चा येते, आणि तिथे तो आया आणि दाया यांच्या तोंडच्या गोष्टींपासून सुरुवात करतो. क्रोनॉस या देवाने स्वतःच्या बापाशी, युरेनसशी केलेलं क्रौर्य आणि मग क्रोनॉसच्या मुलाने त्याच्याशी केलेलं, या कथा खऱ्या असल्या तरी कोवळ्या मुलांच्या कानांवर पडू नयेत, असं तो म्हणतो. अशा कथांमध्ये गूढ अर्थ दडलेला आहे, हा बचावही त्याला मान्य नाही. त्याचं कारण साधं आणि बिनतोड आहे: कोणती गोष्ट रूपकाने घ्यायची आणि कोणती शब्दशः, हे लहान मुलाला ठरवता येत नाही, आणि या वयात मनावर उमटलेलं सहजी पुसत नाही. देव चांगलाच आहे आणि फक्त चांगल्याचंच कारण आहे, एवढंच मुलाला सांगावं. आजचा मराठी प्रकाशक किंवा आजची आई मोदक खाणारा हसरा गणपती निवडते तेव्हा, प्लेटो न वाचताही, त्याच्याच बाजूने उभी असते.

प्लेटोचं निरीक्षण बरोबर होतं, असं आताच्या अभ्यासांतूनही दिसतं. कॅथलीन कॉरिवो आणि पॉल हॅरिस यांनी सहकाऱ्यांसह 2014मध्ये अमेरिकेतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चर्चमध्ये जाणाऱ्या किंवा धार्मिक शाळेत शिकणाऱ्या मुलांनी बायबलमधल्यासारख्या चमत्काराच्या गोष्टींतली माणसं खरी मानली. ज्यांच्या घरी आणि शाळेत धर्माचा स्पर्श नव्हता त्या मुलांनी तीच माणसं गोष्टीतली, म्हणजे रचलेली मानली. दोन्हीकडची मुलं सारख्याच बुद्धीची. फरक होता तो आसपासच्या मोठ्यांनी काय गृहीत धरलं होतं यात. त्याआधी 2004मध्ये जॅकलिन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांना एका अगदी नव्या, कुणी कधी न ऐकलेल्या चेटकिणीबद्दल सांगितलं होतं. हॅलोविनच्या रात्री ती येते आणि मिळालेल्या गोळ्या-चॉकलेटं नेऊन त्यांच्या जागी खेळणं ठेवते. आईवडिलांच्या मदतीने काही घरी खेळणं ठेवलंही गेलं. पुष्कळ मुलांनी चेटकीण खरी मानली, आणि ज्यांच्या घरी ती ‘येऊन गेली’ त्यांच्यातल्या मोठ्या मुलांचा विश्वास तर अधिकच पक्का झाला. सण, घरातल्यांचा शब्द आणि हाताला लागणारी वस्तू हे तिन्ही एकत्र आलं की मूल विश्वास ठेवतं. आपल्या दिवाळीत तर उटणं, पणती, अंगठ्याखाली फोडलेलं कडू कारीट आणि पहाटेचा अंधार असा कितीतरी जास्त पुरावा मुलाच्या अंगाला लागलेला असतो.

म्हणजे निरीक्षण मान्य. पण त्यावरून गाळण्याचा उपाय निघत नाही. मूल आपल्या शब्दावर विसंबून असेल तर आपली जबाबदारी खरं बोलण्याची आहे, आणि गाळलेली गोष्ट हेही एक विधानच आहे. मोठ्यांच्या हातून कधी भयंकर काही घडत नाही, घडलंच तर ते फक्त ‘वाईट’ लोकांच्या हातून, असं ती सांगते. हे मुलाच्या स्वतःच्या अनुभवाशी जुळत नाही. दारावर अडवलं म्हणून रागाच्या भरात बापाच्या हातून झालेलं कृत्य आणि नंतरचा पश्चात्ताप हा गणपतीच्या जन्मकथेचा कणा आहे. शिवपुराणातली पार्वती ते निमूट सोसत नाही. तिच्या कोपाने देव हवालदिल होतात, आणि मुलगा जिवंत झाल्याशिवाय व त्याला सगळ्यांच्या आधी पूजेचा मान मिळाल्याशिवाय ती शांत होत नाही. ही एका देवाला एका देवीने जाब विचारल्याची गोष्ट आहे. हत्तीचं डोकं ही त्या चुकीची आणि तिच्या भरपाईची खूण आहे. ती पुराणकाराने लपवली नाही. उलट मखरात, सगळ्यांच्या नजरेसमोर बसवली. गाळलेल्या पुस्तकात तेच डोकं नुसतं गोंडस होतं. मूल विचारतं, याला सोंड का? आणि मोठ्यांकडे उत्तर असूनही ते तिथे मोदकाकडे बोट दाखवतात.

यावर पहिला आक्षेप भीतीचा येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. तीन वर्षांच्या मुलाला कापलेलं मुंडकं दाखवायचं का? मुळीच नाही. पण घडलेलं सांगणं वेगळं आणि रक्त रंगवणं वेगळं. शब्द निघून जातो, चित्र पानावर थांबून राहतं. मूल त्या पानाशी पुन्हा पुन्हा एकटं येतं, मोठं माणूस जवळ नसतानाही. म्हणून जे शब्दांत सांगता येतं ते सगळं चित्रात यायला हवं असं नाही. आपल्याकडे हे फार पूर्वी कळलेलं होतं. सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातलं पिंगुळी गाव आणि तिथल्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी हा चित्र आणि गोष्ट एकत्र सांगण्याचा आपला जुना जिवंत प्रकार. कागदावर रंगवलेली सुटी चित्रं, एका कथेची सगळी चित्रं मिळून एक पोथी. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गातो. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’मध्येही आहे. या पद्धतीत चित्र कधीच एकटं नसतं. कुठल्या चित्रावर किती थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठलं चित्र झटकन बाजूला करायचं हे समोर बसलेल्यांची तोंडं पाहून सांगणारा ठरवतो. मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक वाचणाऱ्या माणसाकडे नेमका हाच अधिकार असतो. पुस्तकाने पार्वतीचा चेहरा दाखवावा, दारातली रिकामी जागा दाखवावी. काय झालं ते आईच्या आवाजात यावं, तिच्या हाताचा विळखा अंगाभोवती असताना. तीन वर्षांच्या मुलाला एक वाक्य पुरतं, सहा वर्षांच्याला अख्खा प्रसंग हवा असतो.

चित्राचा खरा धोका मात्र रक्तापेक्षा वेगळ्या जागी आहे, आणि त्याकडे गाळणाऱ्यांचं लक्षही नसतं. तो आहे रंगात आणि चेहऱ्यात. तोंडी गोष्टीत असुराला ऐकणाऱ्याच्या मनातला चेहरा असतो. चित्र त्याला एकच चेहरा देऊन टाकतं. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या व तशाच छापखान्यांतून निघालेल्या तसबिरींनी महाराष्ट्रातल्या घराघरांतले देव एका साच्याचे केले. आजच्या चित्रपुस्तकांना तोच वारसा मिळालेला आहे. होळीचं कुठलंही पुस्तक उघडा: हिरण्यकशिपू बहुधा काळासावळा, झुपकेदार मिशांचा, सुळे बाहेर आलेला, प्रल्हाद गोरा, नितळ. हे बापलेक आहेत. प्रल्हाद जन्माने असुरच आहे, आणि भागवताला त्याचं मोठेपण सांगताना ते लपवावंसं वाटलेलं नाही. मग चित्रकाराने मुलाला बापाच्या कुळातून काढून वेगळ्या जातीत का घातलं? काळा रंग म्हणजे वाईट, असं वाक्य कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते लिहिण्याची गरजच उरत नाही. मांडीवर बसलेलं मूल स्वतः सावळं असेल, त्याचे बाबा मिशा ठेवत असतील. शिरच्छेदाच्या पानाने होणार नाही इतकं नुकसान हे पान करतं, कारण त्यावर प्रश्नच येत नाही. तिथे मूल घाबरत नाही, शिकून घेतं.

याच प्रल्हादाचा नातू बळी. महाराष्ट्राच्या दृष्टीने सगळ्या सणांतली सर्वांत अवघड गोष्ट ही आहे आणि म्हणूनच सर्वांत मोलाची. इथे मघाची मांडणी उलटी होते: बटू वामन लहान आहे, राजा मोठा आहे, आणि पायाखाली जातो तो मोठा. विष्णूने आजोबांना वाचवलं आणि नातवाला पाताळात ढकललं. पण भागवतातच तो सुतल लोकात बळीच्या दारावर राखण करायचं वचन देतो. केरळात ओणमला महाबलीचं स्वागत होतं. आपल्याकडे दिवाळीत बायका ओवाळताना इडापिडा टळून बळीचं राज्य येवो अशी इच्छा बोलतात, आणि ज्याचं राज्य यावं म्हणून बोलायचं त्यालाच हरवल्याची गोष्ट त्याच दिवशी सांगायची असते. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873च्या ‘गुलामगिरी’त बळीला इथल्या रयतेचा न्यायी राजा म्हटलं आणि वामनाला आक्रमक. यातली कुठली बाजू घ्यावी हे मोठ्यांनी स्वतःपुरतं ठरवावं. पण बळीच्या डोक्यावर पाय ठेवलेल्या वामनाचं चित्र मुलापुढे ठेवायचं आणि त्याखाली विजयाची ओळ छापायची, हे शास्त्रालाही धरून नाही आणि ओवाळणाऱ्या बायकांच्या तोंडच्या शब्दांनाही नाही. तो सण दोन्ही गोष्टी एकाच ताटात ठेवतो. पुस्तकानेही ठेवाव्यात.

शेवटच्या पानावरच्या तात्पर्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या बालवाङ्मयाला ती सवय फार जुनी आहे. गोष्टीतून मूल्य रुजतं, असं आपण धरून चालतो. कांग ली आणि सहकाऱ्यांनी 2014मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या आणि मग मुलं खोटं बोलतात का ते पाहिलं. खोटं बोलल्याची शिक्षा सांगणाऱ्या गोष्टींचा, म्हणजे लांडगा आला म्हणून ओरडणारा मुलगा किंवा नाक वाढणारा पिनोकिओ यांचा, काही परिणाम दिसला नाही. खरं बोलून मोकळा झालेल्या आणि त्याबद्दल कौतुक मिळालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा मात्र दिसला. एका अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये, पण सणांच्या पुस्तकांतल्या ‘वाईटाचा शेवट वाईटच’ या ओळीवर विसंबून राहणाऱ्यांनी त्याची दखल घ्यायला हरकत नाही. तात्पर्याने दुसरंही एक होतं: मूल विचारायचं थांबतं. यशोदेच्या त्या मुलीचं काय झालं, हे विचारायच्या आतच गोष्ट संपून शिकवण सुरू झालेली असते. सणाबाहेरच्या मराठी चित्रपुस्तकांनी हा मोह सोडलेला आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मधल्या घरात मोठी माणसं मोठ्यांसारखी आणि मूल मुलासारखं वागतं, शेवटी कुणी कुणाला धडा देत नाही. त्यांना 2014चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. देवांच्या गोष्टी आल्या की तोच मोकळेपणा का आटतो?

श्रद्धावान वाचकाचा आक्षेप इथे येतो. मूल विचारणार, हे खरंच झालं होतं का? आणि मोठ्यांनी ‘असं सांगतात’ म्हटलं तर त्याच्या श्रद्धेचा पायाच हलेल. मला हा आक्षेप मनापासूनचा वाटतो, पण तो आपल्याच परंपरेला ओळखत नाही. गणपतीचं डोकं शिवाने उडवलं असं शिवपुराण सांगतं. ब्रह्मवैवर्तपुराणात ते शनीची दृष्टी पडून गळतं. दोन्ही पुराणं शेकडो वर्षं सुखाने नांदली. ‘एक कथा अशी आहे’ हीच कीर्तनकाराची आणि पुराणिकाची भाषा आहे. ज्याचा विश्वास आहे त्याने ‘मी हे मानतो’ म्हणावं, ज्याचा नाही त्याने ‘पुष्कळ लोक मानतात, मी मानत नाही, पण ही गोष्ट मला आवडते’ म्हणावं, आणि ज्याला ठाऊक नाही त्याने तसं सांगावं. मुलाला यातलं काहीही झेपतं. न झेपणारं एकच आहे, विचारल्याबद्दल गप्प केलं जाणं. प्रश्न हाच सणाचा भाग असू शकतो याचं उदाहरण तर आपल्या मातीत आहे. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत जेवणाआधी हग्गादा ही सणाची पोथी वाचतात, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाने आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, हे विचारल्याखेरीज विधी पुढे सरकत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी 1874मध्ये पुण्यात अशी एक सचित्र हग्गादा छापली गेली. हिब्रूच्या जोडीला मराठी, आणि चित्रांत सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका इथल्याच पेहरावात. मराठीतलं हे दीडशे वर्षांपूर्वीचं सणाचं चित्रपुस्तकच आहे, आणि त्यात लहान मुलाचं विचारणं हे धर्माचरण आहे. त्या समाजाची श्रद्धा त्या प्रश्नाने पातळ झाली, असं कुणी म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप विवेकवाद्यांचा. मुलाला कळू लागेपर्यंत धर्म सांगूच नये. रूसोने ‘एमिल’मध्ये 1762 साली हेच सुचवलं, आणि दंतकथांतून मुलं भलतंच शिकतात हेही त्याने कावळा आणि कोल्ह्याच्या गोष्टीवरून दाखवलं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेतलं चौदावं कलम मुलाला विचार आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं, आणि आईवडिलांनी त्याला वाट दाखवावी ती त्याच्या वाढत्या समजेला धरून, असं म्हणतं. या कलमाशी मी पूर्ण सहमत आहे. पण एमिलला रूसोने सगळ्यांपासून दूर, एका शिक्षकाच्या हाती वाढवलं होतं. आपल्याकडे सोसायटीत मांडव पडतो, आजी नमस्कार करायला सांगते, रात्री ढोल वाजतात, गोव्यात तर नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा मध्यरात्री रस्त्यावरून फिरतात आणि पहाटे जळतात. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला धर्म पुस्तकाआधीच भेटलेला असतो, आणि तो आज्ञेच्या रूपात भेटलेला असतो: हात जोड, पाया पड, गप्प बस. पुस्तक काढून घेतलं तर आज्ञा तेवढी उरते. पुस्तकाचं पान मागे उलटता येतं, त्यावर बोट ठेवून ‘हा असा का?’ म्हणता येतं. मांडवात ते शक्य नसतं. म्हणून विवेकवादी घराला या पुस्तकांची गरज सश्रद्ध घराहून कमी नाही, कदाचित जास्तच आहे.

हाच न्याय दुसऱ्यांच्या सणांनाही लावायला हवा. शाळांसाठी निघणाऱ्या ‘आपले सण’ छापाच्या पुस्तकांत ईद म्हणजे शीरखुर्मा आणि नाताळ म्हणजे सांताक्लॉज आणि केक एवढंच उरतं. हेतू सलोख्याचा असतो, पण शेजाऱ्याच्या धर्मात फक्त खाऊ आहे, असं त्यातून मुलाला कळतं. कुराणातला इब्राहिम आपल्या मुलाला स्वप्न सांगतो आणि ‘तुझं काय मत’ असं विचारतो. मुलगा उत्तर देतो. बापाने एवढ्या भयंकर गोष्टीबद्दल मुलाला विचारलं, हे ऐकून कुठलंही मूल अंग सावरून बसेल, मग ते कुठल्याही घरातलं असो. शेजाऱ्याच्या सणात आपल्यासारखंच एक भेदरलेलं पोर आहे हे ज्याला पाचव्या वर्षी कळलं, त्याला तो शेजारी फक्त ताटातल्या पदार्थावरून ओळखावा लागणार नाही.

तेव्हा मराठी प्रकाशकांना आणि चित्रकारांना एक मागणं आहे. येत्या दिवाळीसाठी बलिप्रतिपदेचं एक चित्रपुस्तक काढा. त्यात प्रल्हाद, विरोचन आणि बळी एकाच कुळाचे दिसू देत, वामन आणि बळी यांचे डोळे सारख्याच मायेने काढलेले असू देत, सुतलाच्या दारावर उभा असलेला विष्णू असू दे आणि औक्षणाचं ताटही असू दे. शेवटच्या पानावर तात्पर्य छापू नका. आणि ते वाचून दाखवणाऱ्यांनो, मांडीवरच्या मुलाने विचारलं की राजा चांगला होता तर देवाने त्याला खाली का ढकललं, तर पान उलटू नका.